उसन्या वहीतलं गाणं : 'रॅपर्स डिलाइट' (१९७९)

टेपवाला

इथल्या खरडफळ्यावर (गप्पांच्या पानावर) परवा एकाने विचारलं, रॅप ऐकायला सुरुवात करायची तर कुठून? तिघांनी 'रॅपर्स डिलाइट' सांगितलं, चौथ्याने 'ते खरं हिपहॉप (रॅप ज्यातून निघालं ती डीजेंच्या पार्ट्यांची कला) नव्हेच' अशी काडी टाकली आणि चर्चा नेहमीप्रमाणे वडापावकडे वळली. काडीत तथ्य आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. लांबलचक झालंय, पण मूळ गाणंच पंधरा मिनिटांच्या घरात जाणारं आहे, तेव्हा सांभाळून घ्या.

शुगरहिल गँग या त्रिकुटाचं हे पदार्पणाचं गाणं सप्टेंबर १९७९ मध्ये आलं. वंडर माइक, बिग बँक हँक आणि मास्टर जी अशी तिघांची नावं. जानेवारी १९८० मध्ये ते अमेरिकेच्या पॉप यादीत ३६ व्या क्रमांकावर होतं, ब्रिटनमध्ये ३ ऱ्या क्रमांकापर्यंत चढलं. ३६ म्हणजे काही फार नाही, असं आज वाटेल. पण त्याआधी टॉप ४० मध्ये एकही रॅप गाणं गेलेलं नव्हतं. याला 'पहिली रॅप रेकॉर्ड' मात्र म्हणू नका. फॅटबॅक बँडचं 'किंग टिम थर्ड' त्याच वर्षी थोडं आधी निघालं होतं, फक्त ते रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला होतं आणि नशिबानेही दुसऱ्याच बाजूला राहिलं.

आता काडीकडे येऊ. हिपहॉपचा जन्म सांगताना सगळे ११ ऑगस्ट १९७३ ही तारीख सांगतात. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या १५२०, सेजविक अव्हेन्यू या इमारतीत सिंडी कॅम्पबेलने पार्टी ठेवली होती आणि रेकॉर्ड लावायला तिचा भाऊ डीजे कूल हर्क होता. मुलींना २५ सेंट, मुलांना ५० सेंट. गाण्यातला नुसत्या ड्रम्सचा तुकडा आला की लोक चेकाळून नाचतात हे हर्कने हेरलं होतं. मग एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर (रेकॉर्ड फिरवणाऱ्या यंत्रांवर) ठेवायच्या आणि तो तुकडा हवा तेवढा लांबवायचा, ही युक्ती त्याने रुळवली. पुढची सहा वर्षं बागांमध्ये, शाळांच्या जिममध्ये, क्लबांमध्ये हेच चाललं. राजा होता डीजे. माइकवरचा गडी गर्दीला चेव आणायला होता.

हे सगळं रेकॉर्डवर आणावं असं त्या मंडळींपैकी कुणालाच वाटत नव्हतं. पार्टीच्या कॅसेट हातोहात फिरायच्या, तेवढं पुरे होतं. ग्रँडमास्टर फ्लॅश या ब्राँक्सच्या डीजेला आधी विचारणा झाली होती आणि त्याने नकार दिला होता, हे त्यानेच मुलाखतींत सांगितलंय. दुसऱ्याच्या रेकॉर्डवर बोललेलं पुन्हा रेकॉर्ड करून विकायचं? घेणार कोण? पब्लिक एनिमी या रॅप गटाचा चक डी म्हणतो की हिपहॉपची रेकॉर्ड निघू शकते हेच त्याच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. आणि निघाली तेव्हा ती लांब वाटण्याऐवजी फार छोटी वाटली! ज्याने अख्ख्या रात्रभराचे कार्यक्रम पाहिलेत त्याला पंधरा मिनिटं छोटीच वाटणार.

सिल्व्हिया रॉबिन्सनला असलं काही ओझं नव्हतं. ती स्वतः गायिका. १९५७ मध्ये 'लव्ह इज स्ट्रेंज' आणि १९७३ मध्ये 'पिलो टॉक' अशी गाणी गाजवलेली. नवऱ्याबरोबर न्यू जर्सीत एंगलवूडला रेकॉर्ड कंपनी चालवायची आणि १९७९ पर्यंत ती कंपनी गाळात गेली होती. त्या उन्हाळ्यात ती न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या हार्लेम वर्ल्ड नावाच्या क्लबात गेली. तिथे लव्हबग स्टार्स्की माइकवर बोलतोय आणि तो म्हणेल तसं पोरं ओरडतायत हे तिने पाहिलं आणि मुलाला कामाला लावलं : असं बोलणारा कुणीतरी शोध.

मुलाला सापडला तो एंगलवूडच्या पिझ्झाच्या दुकानात पीठ थापणारा हँक. टेप लावून त्याच्याबरोबर रॅप करत काम करत होता. ऑडिशन दुकानाबाहेर मोटारीत झाली. हँकचं चालू असताना आणखी दोन पोरं येऊन भिडली आणि निवड कसली करायची म्हणून सिल्व्हियाने तिघांनाही घेतलं. लेबलचं, म्हणजे रेकॉर्ड कंपनीचं, नवं नाव शुगर हिल ठेवलं, हार्लेममधल्या ऐटबाज वस्तीवरून. वस्ती हार्लेमची, कला ब्राँक्सची, कंपनी जर्सीची.

आणि इथे खरी गोम आहे. हँक मूळचा ब्राँक्सचाच, पण तो रॅपर नव्हता. तो ग्रँडमास्टर कॅझ नावाच्या रॅपरचा मॅनेजर म्हणवायचा. कॅझच्या साउंड सिस्टिमसाठी त्याने कर्ज काढलं होतं आणि ते फेडायला पिझ्झाच्या दुकानात लागला होता, असं कॅझ सांगतो. दुकानात वाजत होती तीही कॅझचीच टेप. रेकॉर्ड करायचं ठरल्यावर हँक कॅझकडे गेला. कॅझने आपली वही पुढे टाकली : घे तुला काय हवं ते. हँकने उचललं, आणि इतकं जसंच्या तसं उचललं की कॅझचं नावही त्यात राहिलं. कॅझचं तेव्हाचं नाव होतं कॅसानोव्हा फ्लाय. हँक गाण्यात ऐटीत एकेक अक्षर सुटं करून नाव सांगतो, सी, ए, एस, ए, एन, ओ, व्ही, ए, आणि पुढे फ्लाय. हे त्याचं नाव नाही! सुपरमॅन आणि लॉइस लेनवालं कडवं, जे लोकांना सगळ्यात जास्त पाठ आहे, तेही कॅझचं. गाण्यावर कॅझचं श्रेय आलं नाही, पैसेही नाहीत.

संगीताचीही तीच तऱ्हा. खाली वाजतं ते शीक या डिस्को बँडच्या 'गुड टाइम्स'चं बेस (खर्जातल्या गिटारची ओळ). ते गाणं ऑगस्ट १९७९ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं, म्हणजे माल अगदी ताजा. सॅम्पलर (दुसऱ्या रेकॉर्डचा तुकडा उचलून वाजवणारं यंत्र) परवडण्याचे दिवस नव्हते, म्हणून स्टुडिओत बँड बसवून तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवून घेतला. शीकचा नाइल रॉजर्स एका रात्री न्यूयॉर्कच्या लेव्हिटिकस क्लबात उभा असताना डीजेने ही रेकॉर्ड लावली आणि त्याला आपलंच गाणं दुसऱ्यांच्या बडबडीखाली ऐकू आलं. वकिलांची धमकी गेली, तडजोड झाली आणि गीतकार म्हणून रॉजर्स आणि शीकचा बेसवादक बर्नार्ड एडवर्ड्स यांची नावं लागली. पुढे रॉजर्स या गाण्याबद्दल प्रेमानेच बोलत आला. नाव आणि चेक दोन्ही मिळाल्यावर प्रेम सुचतं, हे माझं मत.

तर काडी टाकणाऱ्याला माझं सांगणं असं. होय, हे बाहेरच्यांचं गाणं आहे. पण ते बाहेरच्यांनाच सुचणार होतं. आतल्यांसाठी हिपहॉप म्हणजे ती रात्र होती, ती जागा, तो डीजे. त्यातून काहीतरी कापून बरणीत भरता येईल हे दिसायला लांब उभं राहावं लागत होतं. कापताना सिल्व्हियाने नेमका डीजे बाहेर टाकला. या रेकॉर्डवर डीजे नाहीच, बँड आहे आणि तीन तोंडं. पुढे हिपहॉपचा चेहरा रॅपर झाला आणि डीजे मागे गेला, त्याची सुरुवात मला इथे दिसते. शब्द कुणी लिहिले, सूर कुणाचा, पैसे कुणाला, ही भांडणं तर आजही चालू आहेत, आणि ती सगळी पहिल्याच हिट गाण्यात हजर होती.

बोला आता.


नाकतोडा

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. सुरुवातीला काडी टाकणारा मीच. बाकी निवांत लिहितो.


कुजकट

पंधरा मिनिटं बडबड आणि त्यावर एवढा मोठा लेख. आपल्याकडे पोवाडे, कलगीतुरा तीनशे वर्षं चालू आहे, त्याला कुणी हिपहॉप म्हटलं नाही म्हणून आपण मागास.


सई_लिहिते

@कुजकट, रॅपच्या प्रत्येक धाग्यावर पहिल्या पाच प्रतिसादांत पोवाडा यायलाच हवा असा नियम आहे का? लयीत बोलणं जगभर आहे. ब्राँक्सच्या पोरांनी आपल्या शाहिरांकडून काही घेतलं नाही आणि शाहिरांचं त्याने काही बिघडत नाही.

पण टेपवाला, कॅझच्या नावाचा किस्सा वाचून मला आपली नाममुद्रा आठवली. 'तुका म्हणे', 'नामा म्हणे'. रचनेच्या आतच कर्त्याचं नाव गुंफायचं, म्हणजे कुणाच्याही तोंडी गेली तरी मालकी सांगत राहील. आपल्याकडे गोंधळ झाला तो वेगळा : भलत्यानेच रचायचं आणि शेवटी 'तुका म्हणे' चिकटवायचं. गाथेच्या संपादकांना असले अभंग निवडून बाजूला काढावे लागले. हँकने नेमकं उलटं केलं. रचना आपली म्हणून खपवली आणि नाममुद्रा मूळ मालकाची राहू दिली. काढायची राहिली, की काढली तर यमक मोडेल म्हणून ठेवली, कुणास ठाऊक. पण पंचेचाळीस वर्षं कॅझची साक्ष त्या रेकॉर्डमध्येच वाजते आहे.


टेपवाला

@सई, वा! ही नाममुद्रा माझ्या डोक्यात आली नव्हती. यमकाचं पटतंय, ती अक्षरांची माळ मोडली तर पुढची ओळ लंगडी पडते.


बेसुर

मी बेस वाजवतो (लग्नाच्या ऑर्केस्ट्रात, हसू नका). त्या बेसबद्दल बोलल्याशिवाय हा धागा पुरा होणार नाही.

बर्नार्ड एडवर्ड्सची ती ओळ ऐकायला सोपी, वाजवायला महाकठीण. सुरुवातीला एकाच स्वरावर तीन ठाम ठोके. मग किंचित उसंत. आणि मग वर चढत जाणारी एक फिरकी, जी परत त्या तीन ठोक्यांवर आणून सोडते. सगळा जीव त्या उसंतीत आहे. तिथे जागा मोकळी आहे म्हणून वर माणूस बोलू शकतो. ठासून भरलेलं बेस असतं तर रॅप बसलंच नसतं. सिल्व्हियाने ही चाल फक्त लोकप्रिय होती म्हणून घेतली असेल, पण ती बोलण्यासाठीच बेतल्यासारखी निघाली.

चिप शिअरिन नावाचा बेसवादक सांगतो की तो तेव्हा १७ वर्षांचा होता, त्याला तोच तुकडा न थांबता पंधरा मिनिटं वाजवायला लावलं आणि ७० डॉलर हातावर टेकवले. तुम्ही लूप (यंत्राने पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा) ऐकत मोठे झालात, तुम्हाला कळणार नाही. हाताने पंधरा मिनिटं, लय न ढळता. मनगट सुटतं. रॅप करणाऱ्यांचं नाव झालं, याचं कुणाला माहीतही नाही.

आणि ही ओळ तेवढ्यावर थांबली नाही. १९८० मध्ये क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचं 'अनदर वन बाइट्स द डस्ट' आलं. त्यांचा बेसवादक जॉन डीकन, त्याचं ते बेस ऐका, तेच तीन ठोके. एडवर्ड्सनेही म्हटलं होतं की डीकन आमच्या स्टुडिओत येऊन बसायचा.


नव्वदीचा

@बेसुर, डीकनचं नाव काढलंत म्हणून एक साखळी जोडतो. हाच डीकन १९८१ मध्ये क्वीनच्या 'अंडर प्रेशर'वर वाजवतो. ते बेस १९९० मध्ये व्हॅनिला आइस हा रॅपर 'आइस आइस बेबी'साठी उचलतो. आणि १९९२ मध्ये आमचे बाबा सहगल त्यावरून 'ठंडा ठंडा पानी' करतात, जे मी सोसायटीच्या गणपतीत स्टेजवर म्हटलेलं आहे. पुरावे नष्ट केले आहेत.

म्हणजे आमच्या पिढीची रॅपशी पहिली ओळखही उचललेल्या बेसवरच झाली.


रानमेवा

कुणीच केचप साँग काढलं नाही अजून?? २००२. लास केचप नावाच्या तीन स्पॅनिश बहिणी, 'आसेरेहे'. आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगला सगळ्या मुली हात एकमेकांवर फिरवत त्यावर नाचल्या होत्या आणि शब्द कुणालाच कळत नव्हते. आम्हाला वाटायचं स्पॅनिश आहे. धृपद तर स्पॅनिशही नाही!

गाण्यातली गोष्ट अशी : दिएगो नावाचा एक वल्ली रात्री बारा वाजता क्लबात शिरतो, डीजे त्याचं आवडतं गाणं लावतो आणि तो इंग्रजीचा गंध नसताना जसं ऐकू येईल तसं म्हणतो. ते आवडतं गाणं म्हणजे 'रॅपर्स डिलाइट', आणि धृपद म्हणजे वंडर माइकच्या सुरुवातीच्या हिप-हॉप-हिपीचा दिएगोच्या तोंडात झालेला चुरा. दोन्ही पाठोपाठ लावून बघा, हसून मराल. म्हणजे २००२ मध्ये आपण सगळे नकळत १९७९ चं रॅप म्हणत होतो.


नाकतोडा

@रानमेवा, हे जबरी आहे, आत्ता लावून पाहिलं.

आता माझी काडी. टेपवाला, तुम्ही श्रेयाचं, पैशाचं सगळं लिहिलंत, पण गाणं म्हणून ते आहे काय? मी भारी, माझे कपडे भारी, माझ्याकडे रंगीत टीव्ही. तीन वर्षांत ग्रँडमास्टर फ्लॅशच्या गटाचं 'द मेसेज' आलं आणि त्यात ब्राँक्सची खरी दुर्दशा आहे. काचांचे तुकडे, उंदीर, झुरळं. जे खरं ते ते. 'रॅपर्स डिलाइट'ला मान द्यायचा तर एखाद्या जाहिरातीला द्यावा तसा द्यायचा.


टेपवाला

@नाकतोडा, दोन गोष्टी.

एक, वंडर माइकचं जेवणाचं कडवं तुम्ही ऐकलेलं दिसत नाही. मित्राच्या घरी जेवायला गेलाय आणि जेवण भयंकर आहे. मॅकरोनी गचगचीत, वाटाण्याचा लगदा, चिकनला लाकडाची चव. बरं, मित्र म्हणतोय अजून घे. पोट भरलंय म्हणून सुटका करून घ्यायची धडपड, आणि शेवटी पोटाच्या औषधाची बाटली. पंगतीत आग्रह होत असताना प्रत्येकाने हे भोगलंय. पार्टीत नाचणाऱ्या लोकांना हसवायला लिहिलेलं हे कडवं आहे आणि ते काम चोख करतं. सगळ्या गाण्यांनी झुरळं दाखवलीच पाहिजेत असं नाही.

दोन, 'द मेसेज'चं तुम्ही जे सांगताय ते माझ्याच बाजूचं आहे. १९८२, लेबल शुगर हिल, आग्रह पुन्हा सिल्व्हियाचा. गाणं मुख्यतः ड्यूक बूटी या स्टुडिओतल्या वादकाने लिहिलं. ग्रँडमास्टर फ्लॅश आणि त्याच्या गटाला ते करायचंच नव्हतं, लोक नाचायला येतात, त्यांना घरचं दुःख कशाला ऐकवायचं म्हणून. शेवटी त्या गटातला एकटा मेली मेल त्यावर रॅप करतो, आणि त्याचं ते गाजलेलं शेवटचं कडवं त्याच गटाच्या १९७९ च्या 'सुपररॅपिन' या गाण्यातून आणलेलं आहे. रेकॉर्डवर पहिलं नाव मात्र ग्रँडमास्टर फ्लॅशचं. म्हणजे तुमच्या खऱ्याखुऱ्या गाण्यावरही नाव एकाचं आणि शब्द दुसऱ्याचे.


नाकतोडा

शब्द दुसऱ्याचे असले तरी त्यात काही सांगायचं होतं. मुद्दा सोडत नाही. पण जेवणाचं कडवं ऐकलं, चिकनवाल्या ओळीला फुटलो.


जर्सीकर

उशिरा पोचलो. आमच्या राज्याचा धागा आणि मीच नाही!

एंगलवूड म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टन पूल ओलांडला की लगेच. मी राहतो तिथून (एडिसनच्या बाजूला, अजून कुठे असणार मराठी माणूस) तासभर धरा. शुगर हिलचा स्टुडिओ वेस्ट स्ट्रीटवर होता. २००२ मध्ये आग लागून जळाला. आता बघण्यासारखं काही नाही, तेव्हा मुद्दाम जाऊ नका.

त्यापेक्षा हार्लेम-ब्राँक्सची हिपहॉप बस टूर घ्या. कॅझ स्वतः तिथे गाइड म्हणून यायचा. भाच्याला घेऊन गेलो होतो तेव्हा तोच होता. गॉगल, सोन्याची साखळी, आवाज असा की बसचा माइक बंद केला तरी चालेल. या गाण्याचा विषय निघणार हे सगळ्यांना माहीत असतं आणि त्यालाही माहीत असतं. रडगाणं नाही, ठसक्यात सांगतो. भाच्याने त्याला विचारलं की अजून राग येतो का, तर भुवया उंचावून पुढच्या थांब्याची माहिती द्यायला लागला.

भाचा आता मला रोज कोल्ड क्रश ब्रदर्स ऐकवतो. कॅझचा खरा गट तो. त्यांचं ऐका मंडळी, एकमेकांच्या तोंडातून शब्द काढून घेत चौघं कसे बोलतात ते.


वकीलकाका

कायद्याचा भाग कुणी घेतला नाही म्हणून थोडं. (सल्ला समजू नये, फी लागेल.)

टेपवाल्यांनी सांगितलेल्या दोन उसनवाऱ्या कायद्याच्या नजरेत अगदी वेगळ्या आहेत.

'गुड टाइम्स'चं पाहू. बँडने पुन्हा वाजवलं, म्हणजे शीकचं ध्वनिमुद्रण वापरलेलं नाही. अमेरिकी कायद्यात एखाद्या ध्वनिमुद्रणाची हुबेहूब नक्कल स्वतः वाजवून केली, तर ध्वनिमुद्रणाच्या हक्काचा भंग होत नाही. पण चाल हा वेगळा हक्क आहे, तो रचनाकाराचा. रॉजर्स-एडवर्ड्सची बाजू तिथे भक्कम होती आणि दोघांच्या मागे कंपनी, वकील, पहिल्या क्रमांकाचं ताजं गाणं. तडजोड होणारच.

आता कॅझ. १ जानेवारी १९७८ पासून अमेरिकेत नवा कायदा लागू झाला. त्यानुसार कागदावर उतरवलेलं काव्य उतरवल्या क्षणापासून संरक्षित आहे, अप्रकाशित असलं तरी. म्हणजे त्या वहीला हक्क होता! पण दावा लावायचा तर आधी नोंदणी हवी, दाव्याला मुदत तीन वर्षांची. आणि समोरचा म्हणणार, तूच तर म्हणालास घे काय हवं ते. तोंडी परवानगी, पुरावा शून्य. विशीच्या आतबाहेरचा ब्राँक्सचा पोरगा कुठला वकील गाठणार?

सॅम्पलिंगला (दुसऱ्याच्या रेकॉर्डचा तुकडा उचलण्याला) कोर्टाने खरा दणका दिला १९९१ मध्ये, बिझ मार्की या रॅपरच्या प्रकरणात. न्यायाधीश डफी यांनी निकालाची सुरुवातच बायबलमधल्या 'चोरी करू नकोस' या आज्ञेने केली. त्यानंतर प्रत्येक तुकड्याला आधी परवानगी, आधी पैसे. १९८० च्या दशकात एकेका गाण्यात डझनभर रेकॉर्डचे तुकडे असायचे, ती पद्धत तिथून आटली.

आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीपासून गीतकार-संगीतकाराला चित्रपटगीताच्या इतर वापरांतल्या रॉयल्टीचा वाटा करारानेही सोडून देता येत नाही. जावेद अख्तर राज्यसभेत यासाठी भांडले होते. पण त्यासाठी आधी गीतकार म्हणून तुमचं नाव कागदावर लागतं, आणि कॅझचं घोडं तिथेच अडलं.


सई_लिहिते

काका, म्हणजे नाव गाण्यात आहे, कागदावर नाही, म्हणून उपयोग नाही?


वकीलकाका

@सई, पुरावा म्हणून उत्तम. पण पुरावा घेऊन वेळेत कुणीतरी दारात उभं राहावं लागतं.


रानमेवा

त्या तिघांचं पुढे काय झालं? हँक श्रीमंत झाला का?


टेपवाला

@रानमेवा, हँक २०१४ मध्ये गेला, सिल्व्हिया त्याआधी २०११ मध्ये. गटाची आणखी गाणी आली, 'अपाचे' अजूनही लग्नांत वाजतं, पण 'रॅपर्स डिलाइट'च्या जवळपास कुणी गेलं नाही. १९८३ मध्ये रन-डीएमसी हा रॅप गट आला. ड्रम मशीन, आरडाओरडा, बेसबिस काही नाही. त्यांच्यापुढे शुगर हिलचा बँड एका दिवसात म्हातारा वाटायला लागला, आणि दशकाच्या मध्याच्या सुमारास लेबल बंद पडलं.

नावाचा फेरा मात्र पुरा फिरला. पुढे रॉबिन्सन कुटुंबाने गटाच्या नावावर हक्क सांगितला आणि सिल्व्हियाचा मुलगा, तोच ज्याने पिझ्झाच्या दुकानातून हँकला उचललं, स्वतः मास्टर जी म्हणून मंचावर जायला लागला. खरा मास्टर जी आणि वंडर माइक आपलीच नावं वापरता यावीत म्हणून कोर्टकचेऱ्या करत बसले.


कुजकट

हे म्हणजे फारच झालं. पंधरा मिनिटं ऐकली शेवटी. बरं आहे. ठेका बरा आहे.


नाकतोडा

कुजकट यांच्याकडून 'बरं आहे' म्हणजे सुवर्णपदक.


बेसुर

नवीन ऐकणाऱ्यांना विनंती, चारपाच मिनिटांची कापलेली आवृत्ती ऐकू नका. रेडिओसाठी काढली होती, तिच्यात मजा नाही. लांबवाली घ्या आणि हेडफोन लावा, मोबाइलच्या स्पीकरवर बेस ऐकूच येत नाही.


टेपवाला

+१. आणि आधी 'गुड टाइम्स' ऐका, मग हे.

'द मेसेज'वर नाकतोडा आणि माझं इथे मिटणार नाही, रविवारी त्याचा वेगळा धागा काढतो. ड्यूक बूटीबद्दल कुणाकडे काही जुन्या मुलाखती असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.